पंधरा लाखांचा मांगर

आमच्या सिंधुदुर्गात सध्या एक नवं पीक आलंय. आंब्याला तुडतुडा लागतो, काजूला ढेकण्या लागतो. या पिकाला फक्त पुण्या-मुंबईचा पगारदार लागतो. नाव 'टायनी हाउस'. दोनशे चौरस फुटांचा लोखंडी सांगाडा, तीन बाजूंनी पत्रा, समुद्राच्या अंगाला काच, आत एक पलंग आणि पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस. किंमत समजा पंधरा लाख. तुम्ही फक्त विकत घ्यायचं, पर्यटकांना भाड्याने कंपनी देणार, आणि वर्षाला बारा टक्के बसल्या जागी तुमच्या खात्यात! बहुधा त्या हंसाकडे बघूनच माणसं विरघळत असावीत.

दोनशे फुटांचं घर कोकणी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलंय. मांगर! बागेच्या कोपऱ्यात मातीच्या भिंती, वर गवत नाहीतर नळे, आत नांगर, कोयते, गवताचे भारे. आंब्याच्या दिवसांत राखणीला एक माणूस. कुठल्याही आजोबांनी त्याला 'अ‍ॅसेट' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आजीने त्यांची वळकटी तिथेच नेऊन टाकली असती.

पण टायनी हाउसच्या या डब्याची खरी करामत आकारात नाही, स्वभावात आहे. समोर कोण उभं आहे ते बघून तो रूप पालटतो. किनारा नियमनाचा सीआरझेडवाला आला की म्हणतो, 'मी घर कुठे? मी तात्पुरता. क्रेन आणा, उचला.' (विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकामाला मनाई, तेव्हा तात्पुरतं असण्यात केवढं सुख!) ग्रामपंचायतीने घरपट्टी काढली की तो यंत्रसामग्री होतो. तहसीलदारापुढे शेतघर. आणि गिऱ्हाइकापुढे? 'सर, मुलाबाळांसाठी शाश्वत मालमत्ता!' वेदान्त्यांनी ब्रह्माचं वर्णन 'नेति नेति' असं केलं खरं, पण ते मासिक हप्त्याने विकायची अक्कल त्यांना नव्हती.

आता एक अडाणी प्रश्न. डबा तुमचा, पण जमीन कोणाची?

किनाऱ्याची जमीन महागते, कारण किनारा वाढत नाही. देवबागवाल्यांना विचारा, तो कमीच होतोय. लोखंडाचा डबा मात्र ट्रकवरून उतरला त्या दिवसापासून भंगाराच्या भावाकडे चालू लागतो. म्हणजे वाढणारी वस्तू जमीनवाल्याकडे, गंजणारी तुमच्याकडे. आणि गुंतवणूकदार कोण? तुम्ही! शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, कारण १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३ परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला ती घेऊ देत नाही. मग निघतात 'वापराचा हक्क', 'दीर्घ भाडेपट्टा' वगैरे सुगंधी शब्द. आणि तो पट्टा कुणी करून दिला? सातबारा काढून बघा. आमच्याकडचा सामाईक सातबारा म्हणजे लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी. तिघं मुंबईत, एक बडोद्याला, दोघं वारले पण वारसनोंद नाही. करार केलेला असतो एकाच चुलत्याने. उरलेले गणपतीला गावी येतात आणि काचेला नाक लावून विचारतात, 'ह्यो डबो कोणाचो?' त्या प्रश्नाचं उत्तर सावंतवाडी किंवा मालवणच्या कोर्टात मिळतं. तुमच्या नातवाला.

असा एक डबा मी ऐन श्रावणात पाहिला. काचेच्या कडेचं रबर सुटलेलं, आत घोटाभर पाणी. गादी भिंतीशी उभी करून ठेवलेली, तिच्या शिवणीवर हिरवी बुरशी. एसीच्या बाहेरच्या पेटीला बोट लावलं तर अॅल्युमिनियमचा पांढरा भुगा बोटाला आला. राखणदार बादली घेऊन उभा. म्हणाला, 'साहेबानू, पावसात हय कोण येतलो? मीच येतंय, पाणी उपसूक.'

त्याचं खरं आहे. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, पाण्यावरचे खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. सुरमईसाठी येणारा माणूस पावसाळ्यात इथे येऊन काय त्या हंसाचं कालवण करणार? माहितीपत्रकात चिपी विमानतळ असतो. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला हे खरंच. विमान कधी येतं, तेवढं मात्र छापलेलं नसतं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं, तेही छापलेलं नसतं. आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं, हे मालवणात शिकवायला नको. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, आणि त्याच्या गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. त्याचं तर पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं होतं. तुमच्या डब्याची फीत कापली कोणी?

बरं, हिशेब करू. उदार मनाने वर्षाला नव्वद रात्री धरा, रात्रीचे चार हजार. झाले तीन लाख साठ हजार. बुकिंगच्या अ‍ॅपने पंधरा टक्के कापले: उरले तीन लाख सहा. राखणदाराला महिना बारा हजार, तेही पाणी उपसण्यासकट: उरले एक लाख बासष्ट. धुलाई, वीज, रंग, गंज, इनव्हर्टर मिळून लाखभर. हातात बासष्ट हजार. पंधरा लाखांवर जेमतेम चार टक्के! बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते, आणि तिला बुरशी लागत नाही.

मग कंपनी बारा टक्के देते कुठून? तुमच्याच खिशातून! समजा डबा त्यांना नऊ लाखांना पडला. तुमच्या पंधरातले सहा वर उरले. त्यातले तीन लाख साठ हजार दोन वर्षांत 'भाडं' म्हणून तुम्हालाच परत, तुम्ही खूश, चार मित्रांना घेऊन येता. तिसऱ्या वर्षी करारातलं बारीक अक्षरांतलं कलम जागं होतं: 'परतावा बाजारस्थितीनुसार'. नव्वदच्या दशकात सागवानाची रोपं अशीच विकली गेली. त्या सगळ्या गोंधळानंतर सेबीने १९९९मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. पुढे सांगलीकडे कडकनाथ कोंबडीची योजना आली, २०१९मध्ये गुन्हे दाखल झाले. साग उभा राहायला वीस वर्षं तरी लागतात, कोंबडी निदान खाता येते. डब्याचं काय करायचं?

याउलट तारकर्ली-देवबागात कितीतरी घरांनी स्वतःच्याच दोन-तीन खोल्या पर्यटकांना दिल्यात. घरची बाई सकाळी घावणे घालते, रात्री सोलकढी वाढते, पाऊस लागला की खोल्या बंद करून शेतात उतरते. जमीन तिची, विहीर तिची, कमाईही तिची. ती कुणाला बारा टक्क्यांचं वचन देत नाही. जास्त मिरची मात्र सांगून घालते.

मागे एका विक्रेत्याचा मला फोन आला. अस्खलित, आर्जवी, दर वाक्याला 'सर'. मी म्हटलं, सर्व्हे नंबर सांगा, सातबारा बघतो. तो म्हणाला, 'सर, टायटल एकदम क्लिअर आहे.' मी म्हटलं, असेलच, नंबर सांगा. जरा वेळ नुसती खरखर. मग सावध आवाज आला.

'सर, तुम्ही मूळचे कुठले?'

'मालवणचा.'

'ओके सर. ही स्कीम सध्या लोकल लोकांसाठी ओपन नाहीये.'