अठ्ठ्यांची जोडी आली म्हणून अडकून बसू नका

कॅलिफोर्नियातल्या कार्ड रूममध्ये शनिवारी संध्याकाळी जाऊन बसणारी आपली मंडळी आहेत. जाऊच नका म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. म्हणून लिमिट होल्डेम खेळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: हातात सत्ती ते दश्शीपैकी एखादी जोडी आली की सांभाळून राहा.

लिमिटमध्ये रक्कम ठरलेली असते. ४-८ च्या टेबलावर फ्लॉपपर्यंत चार-चार डॉलर, पुढे टर्न आणि रिव्हरला आठ-आठ. एका वेळी फार जात नाहीत, म्हणूनच हात आवरत नाही. ‘चारच तर आहेत’ म्हणत तुम्ही शेवटपर्यंत गेलात की फ्लॉपनंतरचे २० डॉलर गेले. असं पाच वेळा झालं की आठवड्याचं वाणसामान गेलं. शिवाय कार्ड रूम आपला वाटा घेते तो वेगळाच.

हातात अठ्ठ्या असतील, तर शंभरातल्या सुमारे ८७ फ्लॉपवर त्यांच्याहून मोठं एक तरी पान पडतं. नव्व्या असल्या तरी ७९ वेळा. आणि जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर येतं साधारण साडेआठ डावांत एकदा.

तेव्हा फ्लॉप उघडला की आधी माणसं मोजा.

समजा पाच जण आत आहेत, पॉटमध्ये २० डॉलर आहेत. तुमच्याकडे अठ्ठ्या. खाली राजा, गुलाम, पंजी. एकाने चार लावले, दुसऱ्याने कॉल केला. पॉट झाला २८. तुम्हाला फक्त चार घालायचे आहेत, मोह होणारच. पण न दिसलेल्या ४७ पानांत अठ्ठ्या दोनच उरल्यात. एवढ्या माणसांत राजा किंवा गुलाम कुणाकडे तरी असणारच, असं धरून चाला. पत्ते टाका. पुढे चुकून अठ्ठी पडली, तरी हळहळू नका.

समोर एकटाच असेल तर गोष्ट वेगळी. कुणाच्याही हातातली दोन वेगळी पानं फ्लॉपवर जुळतात ती तीनातून एकदाच. म्हणजे बहुतेक वेळा त्याचाही फ्लॉप हुकलेला असतो. फ्लॉपआधी तुम्ही रेज केलं असेल आणि आता तो चेक म्हणाला, तर चार लावा. राणी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. इथे चांगले पत्ते टाकून देणं महाग पडतं, कारण एका बेटच्या मानाने पॉट मोठा असतो. मात्र एरवी गप्प बसणारा माणूस टर्नला रेज करू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

खाली सगळी लहान पानं आली, म्हणजे तुमच्या नव्व्या आणि खाली सत्ती, चौकी, दुर्री, तर कॉल करत बसू नका. टर्नला मोठं पान पडायची शक्यता शंभरात ४३ आहे. उजवीकडच्याने चार लावले तर तुम्ही आठ करा. मग डावीकडच्यांना एकदम आठ मोजून यावं लागतं. राणी-गुलाम धरून बसलेले बरेच जण तिथेच उठतात. लिमिटमध्ये दुसऱ्याला अडवायचा एवढाच मार्ग तुमच्या हातात आहे, तो वापरा.

तिसरं पान लागलंच तर फार लपवाछपवी करू नका. खाली एकाच रंगाची दोन-तीन पानं असतील तर मुळीच नाही. पैसे घाला, समोरच्यांना घालू द्या.

निघताना घरी सांगून जा. ठरलेली रक्कम खिशात ठेवा, कार्ड घरी ठेवा. ती संपली की उठा, मग पुढचा हात कितीही चांगला दिसो.

आणि सुट्टीत भारतात जाल तेव्हा फोनवर पैसे लावून सराव करायला जाऊ नका. २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ तिथे बंद झाले आहेत. पत्ते खेळायचेच असतील तर मुलांना घेऊन मेंढीकोट मांडा.