विहाराची चावी कोणाच्या खिशात?



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात होती. कोथरूडच्या सुतारदऱ्यातल्या एका मांडवात वधू-वर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर येऊन उभे होते. पाहुणे जमले होते, मेणबत्त्या, फुले सगळे तयार होते. फक्त बौद्धाचार्यांचा पत्ता नव्हता. फोन लावला तेव्हा कळले की त्याच वेळेला वारज्यात दुसरा मंगलपरिणय चालू आहे. एक तारीख घरच्या डायरीत लिहिलेली, दुसरी रस्त्यात फोनवर कबूल केलेली. दोन वाजेपर्यंत मुलगी ताटकळत बसली. तिच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो.

यात बौद्धाचार्यांना दोष देऊन चालणार नाही. आपले बहुतेक बौद्धाचार्य दिवसा नोकरी करतात आणि रजा टाकून, पदरचे बसभाडे घालून नामकरण, मंगलपरिणय, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन असे विधी पार पाडतात. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या कामाचा हा कणाच आहे. पण एवढे काम एका माणसाच्या आठवणीवर आणि एका डायरीवर किती दिवस चालवायचे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आमच्या भागातल्या एका भगिनीचे यजमान वारले. ते कंत्राटी सफाई कामगार होते. त्यांचे पैसे मिळवण्यासाठी तिच्याकडे लग्नाचा पुरावा मागितला. लग्नाची सरकारी नोंदणी केलेली नव्हती. ज्यांनी लग्न लावले ते बौद्धाचार्य कालकथित झालेले. त्यांनी दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत विहाराच्या ई-मेलवर होती, पण तो ई-मेल एका होतकरू तरुणाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडलेला. तरुण नोकरीसाठी बंगळुरूला गेला, नंबर बंद झाला, पासवर्ड विसरला. कागद होता, पण कुलपात. आणि चावी कोणाकडेच नाही. त्या बाईने सहा महिने खेटे घातले, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली, तेव्हा कुठे काम झाले.

ख्रिस्ती बांधवांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे रजिस्टर असते. फादरची बदली होते, पण रजिस्टर चर्चमध्येच राहते. मुद्दा तोच आहे. ई-मेल कोणत्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न दुसरा. तो विहाराच्या नावाने आहे की व्यक्तीच्या, हा प्रश्न पहिला. बँकेत विहाराचे खाते आपण एकट्याच्या सहीवर ठेवत नाही, मग पत्रव्यवहार एकट्याच्या खिशात का ठेवावा?

आता फुकट मिळणाऱ्या सोयींचा विचार करू. गुगलचा जीमेल आणि त्याच्याबरोबरचे कॅलेंडर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असते, मराठीतून चालते, आणि एक कॅलेंडर अनेकांना वापरता येते. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. तेव्हा लग्नाचे व्हिडिओ त्यात भरू नयेत. मायक्रोसॉफ्टचे आउटलुकही फुकट आहे आणि त्यालाही कॅलेंडर आहे. स्वित्झर्लंडची प्रोटॉन कंपनी खासगीपणा चांगला सांभाळते, पण फुकटात जागा थोडी देते. चेन्नईची झोहो आपल्या देशातली. मात्र पत्त्यात विहाराचेच नाव हवे असेल तर डोमेन विकत घ्यावे लागते आणि त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात. माझे मत विचाराल तर आपल्या लोकांच्या हातात आधीच आहे तेच घ्यावे, म्हणजे जीमेल. जे वापरले जात नाही ते कितीही चांगले असले तरी निरुपयोगी.

पुढची कामे मात्र काटेकोर करावीत. विहार समितीच्या बैठकीत ठराव करून विहाराच्या नावाने खाते उघडावे. पासवर्ड विसरल्यास कामी येणारा मोबाईल नंबर सचिवांचा द्यावा आणि दुसरा ई-मेल खजिनदारांचा. पासवर्ड लिहून पाकिटात बंद करावा आणि विहाराच्या कपाटात ठेवावा. पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी नंबर आणि पासवर्ड बदलावा. बौद्धाचार्यांना पासवर्ड देण्याची गरज नाही. प्रत्येकाच्या स्वतःच्या ई-मेलला कॅलेंडरमध्ये बदल करण्याची परवानगी द्यावी. ही सोय संगणकावरून करणे सोपे जाते. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर गुगल ते काढून टाकू शकते, म्हणून महिन्यातून एकदा तरी ते उघडावे.

कॅलेंडरमध्ये १४ एप्रिल, ११ एप्रिल, ३ जानेवारी, ७ फेब्रुवारी, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखा 'दरवर्षी' म्हणून एकदाच भराव्यात. पौर्णिमांचे तसे नाही. बुद्ध पौर्णिमा २०२५ साली १२ मे रोजी होती, २०२६ साली १ मे रोजी. म्हणून सर्व पौर्णिमा आणि वर्षावासाचे तीन महिने दरवर्षी पंचांग पाहून नव्याने भरावे लागतात. विधीची वेळ लिहिताना जाण्या-येण्याचा वेळही धरावा. सुतारदऱ्याहून वारज्याला जायला लग्नसराईत किती वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक आहेच. आणि एक नियम: कॅलेंडरमध्ये नाही ती तारीख कबूल केलेली नाही.

सावधगिरीही हवी. कॅलेंडर 'सर्वांसाठी खुले' ठेवू नये. त्यात लोकांच्या घरचे पत्ते आणि फोन असतात. वधू-वरांच्या वयाचे दाखले जरूर तपासावेत, पण आधार कार्डाचे फोटो साठवून ठेवू नयेत. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा.

कागदी रजिस्टर सोडू नका. जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवत असेल. नदीकाठच्या कितीतरी घरांतले कागद त्यात वाहून गेले. म्हणून नोंद दोन ठिकाणी हवी: एक रजिस्टरमध्ये, दुसरी ई-मेलवर. आणि या दोन्हींपेक्षा महत्त्वाची ती सरकारी विवाह नोंदणी. लग्न झाल्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती करून घ्या, असे बौद्धाचार्यांनी मांडवातच सांगावे आणि आठ दिवसांनी त्याची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवावी.

शेवटची विनंती. विहाराचे खाते ज्यांच्या हाती द्याल त्यांत महिला मंडळाची एक भगिनी अवश्य असू द्या. लग्नाचा कागद हरवला तर खेटे बाईलाच घालावे लागतात. तेव्हा चावीही तिच्या हाती असावी. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे बसा आणि एवढा एक ठराव करा.

जय भीम! नमो बुद्धाय!