गीत कोणाचें?

गेल्या स्नेहसंमेलनांत दहावीच्या एका विद्यार्थिनीनें ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हें इंग्रजी गीत म्हटलें. कार्यक्रमपत्रिकेंत त्यापुढें ‘व्हिटनी ह्यूस्टन यांचें गीत’ असें छापलें होतें. कार्यक्रम संपल्यावर एक पालक मजपाशीं येऊन म्हणाले, “सर, हें गीत डॉली पार्टन यांचें. तें अस्सल; व्हिटनीचें म्हणजे नुसतें अनुकरण.” जवळच्या मुलींनीं लागलीच व्हिटनीचा पक्ष घेतला आणि वाद चहा निवेपर्यंत चालला. माझ्या मतें दोन्ही पक्ष थोडे चुकले. पत्रिका छापणारे आम्ही मात्र पुष्कळच चुकलों.

डॉली पार्टन ही टेनेसीच्या डोंगराळ भागांत, बारा भावंडांच्या दरिद्री कुटुंबांत १९४६ सालीं जन्मली. कष्टकऱ्यांचीं सुखदुःखें फिड्ल, बँजो व गिटार यांच्या साथीवर साध्या शब्दांत सांगणाऱ्या ज्या गायनास अमेरिकेंत कन्ट्री म्यूझिक म्हणतात, त्याचें तिला बाळकडूच मिळालें होतें. १९६७ पासून ती पोर्टर वॅगनर या प्रथितयश गायकाच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत गाऊं लागली. कांहीं वर्षांनीं तिला स्वतंत्र व्हावेंसें वाटलें. पोर्टर सोडावयास तयार होईना. बोलण्यानें भागेना, तेव्हां तिनें हें गीत रचलें आणि त्याच्यासमोर बसून गाऊन दाखविलें. तें ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलें व त्यानें तिला जाऊं दिलें, असें तिनेंच पुढें अनेकदां सांगितलें आहे. (हाच पोर्टर १९७९ मध्यें तिजवर दावा लावून मोकळा झाला, हेंहि सांगितलें पाहिजे, गाण्यानें सगळेंच मिटतें असें नाहीं.) म्हणजे ज्यास आपण प्रणयगीत समजतों, तें मुळांत मार्गदर्शकाचा घेतलेला निरोप आहे. जून १९७३ मध्यें तें नॅशव्हिल येथें ध्वनिमुद्रित झालें आणि १९७४ त कन्ट्री गीतांच्या यादींत पहिलें आलें.

त्याच सुमारास एल्व्हिस प्रेस्लीनें तें गावयाचें ठरविलें. त्या काळीं याहून मोठा मान कोणता? परंतु त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर यानें अट घातली कीं, गीताच्या प्रकाशनाचे अर्धे हक्क आम्हांस मिळाले पाहिजेत. डॉलीनें नकार दिला आणि ती रात्र रडून काढली. येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. अमेरिकेंत १९०९ च्या कायद्यापासून, एकदां ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झालेलें गीत ठराविक मोबदला देऊन कोणासहि पुन्हां मुद्रित करतां येतें. एल्व्हिसला गाण्याची मनाई नव्हतीच. मागणी होती ती मालकीची. गाणें कोणींहि गावें, पण माझें नांव पुसूं नये, एवढेंच त्या बाईचें म्हणणें, आणि तें मला सर्वस्वीं योग्य वाटतें. त्या देशांत साध्या नभोवाणीवर गीत लागलें कीं मोबदला रचनाकारास मिळतो, गायकास नाहीं. अर्धे हक्क दिले असते तर पुढल्या प्रत्येक यशाचा अर्धा वांटा परक्या हातीं गेला असता.

पुढें १९७५ मध्यें लिंडा रॉन्स्टॅट हिनें तेंच गीत गायिलें, पण तिसरें कडवें गाळून. १९९२ मध्यें ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठीं व्हिटनी ह्यूस्टनकडून तें गाऊन घेतांना निर्माता डेव्हिड फॉस्टर याच्यापुढें लिंडाचीच प्रत होती. डॉलीनें त्यास कळविलें कीं, एक कडवें राहिलें आहे, तें घ्या. आणि त्या कडव्यांतच तर सारें आहे! आधींचीं कडवीं स्वतःच्या जाण्याविषयीं बोलतात. तिसरें ज्याला सोडून जावयाचें त्याचें कल्याण चिंतितें. मूळ मुद्रणांत डॉली तें गात नाहीं, नुसतें बोलते.

व्हिटनीचें गायन अनुकरण म्हणणें हा मात्र अन्याय होय. आरंभीं कोणतेंहि वाद्य नाहीं. एकटा कंठ अंधारांत पाऊल टाकावें तसा निघतो, आणि शेवटीं आकाश भरून टाकतो. तें गीत अमेरिकेंतील मुख्य यादींत चौदा आठवडे अग्रभागीं राहिलें. मला स्वतःला डॉलीचें अधिक आवडतें, कारण निरोप उंबऱ्यावर उभें राहून हलक्या आवाजांतच घ्यावा असें मला वाटतें. पण हा झाला माझा स्वभाव.

आपल्या अभंगांचें पाहा. एकच अभंग वारकरी दिंडींत म्हणतो, कीर्तनकार रंगवितो, मैफलींत गवई त्यास रागांत बसवितो. कोणी त्यास अनुकरण म्हणत नाहीं, आणि तो गवयाचा आहे असेंहि कोणी समजत नाहीं. कवीनें आपली नाममुद्रा शेवटच्या चरणांत गुंफिलेली असते; ती गाळली तर अभंग पुरा होत नाहीं. डॉलीच्या गीतास अशी मुद्रा नाहीं. तिचें नांव राखण्याचें काम कायद्यावर आणि पत्रिका छापणारांवर पडतें. यापुढें पत्रिकेंत गायकाच्या आधीं रचनाकाराचें नांव छापावें, अशी सूचना मीं मंडळापुढें ठेविली आहे.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व मीं त्या विद्यार्थिनीस सांगितलें. तिनें वही उघडून दाखविली. तिसरें कडवें तीत सुवाच्य अक्षरांत होतें, आणि त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती. कार्यक्रमास वेळ थोडा आहे म्हणून ती रेघ मींच मारली होती.