जमिनीवरचा सरकता बांध

चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद मोकळी जमीन, तिच्यावर रोखलेले कॅमेरा व प्रोजेक्टर आणि या दोहोंना जोडणारा संगणक, एवढ्याच सामग्रीतून अमेरिकन कलावंत स्कॉट स्निबी यांनी ‘बाउंडरी फंक्शन्स’ हे मांडणशिल्प उभे केले आणि १९९८ मध्ये ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ या ऑस्ट्रियातील महोत्सवात ते प्रथम लोकांसमोर आले. मांडणशिल्प म्हणजे भोवती फिरून पाहायची मूर्ती नव्हे, तर प्रेक्षक जिच्या आत शिरतो अशी रचना. येथे तर प्रेक्षक शिरल्याखेरीज पाहण्यासारखे काही नसतेच. एकट्या माणसाने त्या जमिनीवर कितीही येरझाऱ्या घातल्या तरी काहीही उमटत नाही. दुसऱ्याने पाऊल ठेवले, की दोघांच्या बरोबर मधून प्रकाशाची एक रेषा पडते आणि दोघांपैकी कोणीही हलले, की तीही सरकते.

ही रेषा म्हणजे शालेय भूमितीतला लंबदुभाजकच होय. तिसरा माणूस आला, की तीन दुभाजक एका बिंदूत मिळतात, आणि माणसे वाढत गेली, की जमिनीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, पण वेड्यावाकड्या घरांची जाळी तयार होते. जमिनीवरील प्रत्येक बिंदू ज्या माणसाला सर्वांत जवळचा, त्याच्या घरात तो जातो, एवढाच या वाटणीचा नियम आहे. अशा आकृतीला गणितज्ञ गिओर्गी वोरोनॉय यांच्या नावाने ओळखले जाते. कल्पना मात्र त्यांच्याहून जुनी आहे, आणि तिचा एक उपयोग फार गंभीर कामासाठी झालेला आहे. लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीचा नकाशा काढताना डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंप आणि आसपासचे इतर पंप यांच्यामध्ये, चालत जायला सारखेच अंतर पडेल अशा ठिकाणांची सीमा आखून दाखवली होती.

स्निबी यांच्या मते, ज्या जागेला माणूस स्वतःची म्हणतो ती प्रत्यक्षात इतरांमुळेच ठरते आणि त्याच्या ताब्याबाहेर बदलत राहते. हे विधान तत्त्वचिंतनासारखे वाटले, तरी त्याचा हिशेब साधा आहे. समोरासमोरच्या दोन कडांच्या मध्यापासून एकेक मीटर आत दोन माणसे उभी असली, तर रेषा मधोमध पडते आणि सोळा चौरस मीटर जमिनीपैकी प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात. आता त्यांतील एकाने एक मीटर पुढे पाऊल टाकले, तर रेषा अर्धा मीटर सरकते. पुढे आलेल्याच्या वाट्याला दहा चौरस मीटर येतात आणि जागचा न हललेल्याकडे सहाच उरतात. शेतीच्या भाषेत याला बांध कोरणे म्हणतात. फरक असा, की शेतात बांध कोरणारा आपल्या घरी सुखाने झोपतो, पण येथे जमीन वाढवणाऱ्याच्या पायापासून रेषा आता केवळ अर्ध्या मीटरवर आलेली असते, म्हणजे अतिक्रमण करणाऱ्याला शेजारही अधिक सोसावा लागतो. तलाठ्याच्या दप्तरात मावणारा हा व्यवहार नव्हे.

माणसामाणसांतील अंतराचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी केला आणि १९६६ च्या ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात त्याचे चार पट्टे सांगितले: सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत जिव्हाळ्याचे अंतर, तेथून सव्वा मीटरच्या आसपासपर्यंत वैयक्तिक, सुमारे साडेतीन मीटरपर्यंत सामाजिक आणि त्यापलीकडे सार्वजनिक. हे आकडे बहुतांशी अमेरिकेच्या ईशान्य भागातील मध्यमवर्गीय प्रौढांच्या निरीक्षणावर बेतलेले आहेत आणि ते सर्व मानवजातीला लावू नयेत, हे हॉल यांनी स्वतःच बजावले होते. पुढे व्यवस्थापनाच्या कार्यशाळांतून ते नेमके तसेच लावले गेले, हा भाग वेगळा. तीन जणांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागणाऱ्या मुंबई लोकलच्या प्रवाशाला जिव्हाळ्याचे अंतर आणि जिव्हाळा यांचा संबंध लावून दाखवणे कठीण आहे.

हॉल यांचे पट्टे प्रत्येक माणसाभोवती फुग्यासारखे असतात आणि माणूस एकटा असला तरी ते असतात, असे गृहीत धरले जाते. स्निबी यांच्या जमिनीवर फुगा नाही, केवळ शेजारी आहेत. आणि हे शेजारी एकमेकांच्या अगदी बरोबरीचे आहेत. या बरोबरीतच या कलाकृतीचे आकर्षण आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. सोवळ्याओवळ्याच्या आणि शिवाशिवीच्या व्यवस्थेत अंतर दोन शरीरांमधले नव्हते, ते दोन दर्जांमधले होते. मागे सरण्याचे ओझे नेहमी एकाच बाजूवर पडे आणि रेषा कधीही मधोमध पडत नसे. आजही साहेबाच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपली रेषा कोठे आहे, हे प्रोजेक्टरवाचून कळते. यंत्राला मात्र साहेब आणि शिपाई सारखेच दोन बिंदू दिसतात. ही समता न्याय्य आहे, पण ती समाजाचे चित्र नव्हे, आणि कलाकृतीने तसा दावा केल्यास तो मान्य करता येणार नाही.

शीर्षकाची कथा याहून अस्वस्थ करणारी आहे. ‘बाउंडरी फंक्शन्स’ हे मिशिगन विद्यापीठात १९६७ मध्ये सादर झालेल्या गणितातील पीएच.डी. प्रबंधाचे नाव असून स्निबी यांनी ते जाणीवपूर्वक उचलले. प्रबंधाचा विषय शुद्ध गणिताचा होता, माणसांतील सीमांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. परंतु त्याचा लेखक थिओडोर कॅझिन्स्की पुढे प्राध्यापकी सोडून मोंटानाच्या रानात वीज आणि नळ नसलेल्या झोपडीत एकटा राहू लागला आणि ‘युनाबॉम्बर’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. १९७८ ते १९९५ या काळात त्याच्या बॉम्बनी तीन जणांचे प्राण घेतले आणि तेवीस जण जखमी केले. १९९८ मध्येच, म्हणजे मांडणशिल्प प्रथम दाखवले गेले त्याच वर्षी, त्याला जन्मठेप झाली. त्याची झोपडी साधारण दहा फूट बाय बारा फूट होती, म्हणजे स्निबी यांच्या जमिनीवर ती सहज मावली असती, आणि आत तो एकटाच असल्यामुळे तेथे एकही रेषा उमटली नसती. शेजारी नकोसे झालेल्या या माणसाने अनोळखी लोकांच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा साधे टपाल वापरले.