आय-सेव्हन, पण कोणत्या सालचा?

बारावीचा निकाल लागला की बैतूल, मुलताई, पांढुर्णा भागातल्या मराठी घरांतून मुले शिकायला भोपाळला निघतात, आणि पाठोपाठ प्रश्न येतो : संगणक कोणता घ्यायचा? वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम खिशात असते. एम. पी. नगरात एखादे दुकान गाठले की कानावर येते, 'आय-सेव्हन देतो, स्वस्तात.' सात हा तिनापेक्षा मोठा आकडा. सौदा होतो.

वाचकहो, पैसे मोजण्याआधी पुढचा क्रमांक विचारा. आय-७ च्या पुढे ३७७० असेल, तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर आहे. आय-३ च्या पुढे १२१०० असेल, तर तो बाराव्या पिढीचा, २०२२ चा. दोघांनाही कोअर चार आणि थ्रेड आठच. पण धाकटा थोरल्याला कामात सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे तो स्वस्त 'सेव्हन' घरी येतो तोच म्हातारा होऊन.

पूर्वी हा घोळ एवढा नव्हता. १९९३ साली 'पेन्टियम' आला तेव्हा नावातच सारे कळे. त्या पेन्टियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. पुढे ते प्रतिस्पर्धी एएमडीकडेही गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एएमडीचे नाव काढताच आपल्याकडे अजून नाक मुरडतात. ते सोडून द्यावे. रायझन ५ मधला ५६००जी सहा कोअरचा आहे आणि त्यात ग्राफिक्स अंगचेच आहे. इंटेलच्या क्रमांकाशेवटी 'एफ' असेल, तर ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. तो थोडा स्वस्त दिसतो, पण कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील.

आता मदरबोर्ड. लग्नात सगोत्र चालत नाही. इथे मात्र सगोत्रच हवे. हे गोत्र म्हणजे सॉकेट. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीला एलजीए १७०० लागते. ५६००जी एएम४ वर बसतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर तो बसणार नाही. एएम५ ला मेमरीही डीडीआर५ च लागते. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे मिळतात. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव कडाडले, तेव्हा हा फरक कित्येकांच्या खिशाला जाणवला. घरी जुनी, धडधाकट डीडीआर४ मेमरी असेल तर त्याच जातीचा बोर्ड पाहावा.

बी.कॉम., बीसीए करणाऱ्याला आय-३ आणि एच६१० बोर्ड पुरे. त्यावर मेमरीच्या खाचा बहुधा दोनच असतात, एवढे ध्यानात ठेवावे. अभियांत्रिकीचे आरेखन किंवा व्हिडिओ-संपादन करायचे असेल तर आय-५ वा रायझन ५ घ्यावा, आणि बोर्ड बी७६० किंवा बी५५० चा. झेड मालिकेचे महाग बोर्ड प्रोसेसरचा वेग मुद्दाम वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहेत. तिथे वाचलेले पैसे एसएसडीत आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये घालावेत. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर भोपाळच्या मे महिन्यात माझा तरी भरवसा नाही.

बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नंतरच्या पिढीचा असेल, तर बायोस अद्ययावत करून दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. प्रोसेसर खोक्यातला आहे की सुटा, तेही विचारा : खोक्यातल्यावर साधारणपणे कंपनीची तीन वर्षांची हमी असते, सुट्यावर दुकानदार देईल तेवढीच. जीएसटीचे पक्के बिल घ्या, आणि प्रोसेसर व बोर्ड दोन्हींचे अनुक्रमांक त्यावर लिहून घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.