कळसूबाईएवढाच तर आहे!

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधला माउंट लाफायेत 1600 मीटर उंच. आपली कळसूबाई 1646. बॉस्टनकडे राहणाऱ्या, सह्याद्रीत हाडं मुरलेल्या आपल्या मंडळींचा घात हे आकडेच करतात. 'एवढंच ना? रंगीत पानं बघणाऱ्यांची गर्दीही ओसरलीय. शनिवारी एकटाच जाऊन येतो.' जा, जरूर जा. मीही जातो. पण उंचीवरून तो डोंगर जोखू नका.

लाफायेत 44 अंश उत्तरेला आहे. खाली पार्किंगमध्ये मेपलची वाळकी पानं पायाखाली कुरकुरत असतात आणि चार तासांनी तुम्ही घोटाभर बर्फात उभे असता. फ्रँकोनिया रिजचा फेरा साधारण साडेचौदा किलोमीटरचा, चढ अकराशे मीटरच्या वर. लिटल हेस्टॅक, लिंकन, लाफायेत हे तीन माथे आणि त्यांना जोडणारी पावणेतीन किलोमीटरची उघडी धार. आडोसा मिळाला तर एखाद्या खडकाचाच. वाट दाखवायला दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या आहेत, पण ढग उतरला की पुढची लगोरी दिसत नाही. उणे पाच अंशांत ताशी 60 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे सोळा भासतं. म्हणून आदल्या रात्री बॉस्टनचं हवामान बघून निघू नका. माउंट वॉशिंग्टन वेधशाळा उंच शिखरांसाठी वेगळा अंदाज देते, तो वाचा. वारा जोराचा सांगितला असेल तर रविवारी जा, नाहीतर पुढच्या आठवड्यात.

चढताना फॉलिंग वॉटर्सची वाट धरा, उतरताना ओल्ड ब्रायडल पाथ. चढाच्या वाटेवरचे धबधब्यांच्या कडेचे खडक गोठले की त्यांच्यावरून उतरण्यापेक्षा चढणं परवडतं. बुटांवर चढवायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, पाठपिशवीत हवेतच. मधूनच परतायची वेळ आली तर त्याच खडकांवरून उतरायचं आहे. आणि सुती कपडा अंगात नको. माझ्या पहिल्या खेपेला वरचं जॅकेट भारीतलं होतं, आत मात्र नेहमीचा सुती टी-शर्ट. चढाच्या घामाने तो भिजला आणि धारेवर पाय ठेवल्यावर पाचच मिनिटांत पाठीवर ओलं फडकं थापल्यासारखा गार पडला. बोटं इतकी बधिरली की जॅकेटची चेन ओढता येईना. शेवटी दातांनी ओढली. तेव्हापासून कपडे बदलतो ते शेवटच्या खुरट्या झाडांत. तिथे वारा डोक्यावरून जातो. कोरडा थर, टोपी, हातमोजे चढवायचे, दोन घास खायचे. (चिक्की नेऊ नका, थंडीत तिचा दगड होतो. बेसनाचा लाडू बरा.) मग दहा पावलं बाहेर जाऊन उभं राहायचं. नीट उभं राहता येत नसेल किंवा पुढचा माथा दिसत नसेल, तर ट्रेक तिथेच संपला. सोबत कुणी असलं तर 'चल, परतू' म्हणतं. एकट्याला ते स्वतःलाच म्हणावं लागतं, आणि तीन तास चढल्यावर जीभ रेटत नाही. म्हणून परतायची वेळ घरीच ठरवा, कागदावर लिहा. माझी बाराची असते: बाराला लिटल हेस्टॅकवर नसलो तर माघार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासाभराने मागे जातात आणि त्यानंतर साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. हेडलॅम्प न्याच. फोनच्या टॉर्चवर विसंबू नका. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

उतरताना लागणाऱ्या ग्रीनलीफ हटमध्ये गरम सूप मिळतं, असं कुणी सांगितलं तर ते उन्हाळ्यातलं. ऑक्टोबरच्या अखेरीस तिला कुलूप असतं.

आणि घरी सांगून निघा. 'डोंगरात जातोय' एवढं पुरत नाही. कुठली वाट, गाडी कुठे लावली, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 911 ला कळवायचं, हे लिहून फ्रिजवर लावा. शोधायला येतात ते राज्याच्या फिश अँड गेम खात्याचे लोक आणि स्वयंसेवक, तेही त्याच वाऱ्यात, रात्री. निष्काळजीपणा दिसला तर खर्च वसूल करायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. आमच्या फ्रिजवरच्या चिठ्ठीत बायकोने खाली एक ओळ वाढवली आहे: सात वाजता मी फोन करणार, साडेसातला नाही.