ईएसआरच्या आकड्यावर उपचार नकोत!

"डॉक्टर, ईएसआर ४५ आलाय. टीबी तर नाही ना?" गोंदियातल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न नेहमीचाच. कुणी 'फुल बॉडी चेकअप' करून घाबरून आलेला असतो, तर कुणाला नुसत्या त्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. हे थांबायला हवं.

ईएसआर मोजतो काय? उभ्या नळीत रक्त ठेवलं की तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच! या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त तयार करतं. मग पेशींमधला दुरावा कमी होतो आणि त्या आपोआप एकीला एक लागून नाण्यांच्या चळतीसारख्या साखळ्या बनतात. या साखळ्या लवचिक असतात, रक्त जोरात वाहू लागलं की सुटतातही. पण स्थिर नळीत त्या सुट्या पेशींपेक्षा लवकर खाली बसतात आणि ईएसआर वाढतो.

आता सांगा, यात टीबी कुठे आला? वय, गरोदरपण, रक्तक्षय यांनीही ईएसआर वाढतो. टीबीसाठी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे लागतो.

"स्वस्त तपासणी आहे, केली तर काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. विळ्यासारख्या वाकड्या पेशींची चळत नीट लागत नाही. त्यामुळे अंगात जंतुसंसर्ग असूनही त्यांचा ईएसआर कमी येऊ शकतो. या मुलांची प्लीहा लहानपणीच कमकुवत होते, म्हणून संसर्ग झपाट्याने पसरतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणत तापलेलं लेकरू घरी ठेवलं, तर जिवावर बेतू शकतं.

ईएसआर निरुपयोगी नाही. संधिवातासारख्या आजारात तो कामाला येतो, पण रुग्णाला तपासल्यावर. म्हणून तीन गोष्टी करा. लक्षण नसताना ईएसआर करू नका. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, माहीत नसेल तर सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने खात्री करा. आणि सिकलसेलच्या मुलाला ताप आला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.